बोट सुटली नाही तर

मा सडबी संध्याकाळी खुर्चीत बसलेली मला आठवत नाही. विंडल स्ट्रीटवरच्या तिच्या सतरा नंबरच्या घरात, वरच्या मागच्या खोलीत, मी सात वर्षं भाड्यानं राहिलो. दिवसाही ती बसायची नाही, कारण जाळी उभ्यानंच विणतात. मागच्या अंगणाच्या भिंतीत एक लोखंडी दांडा ठोकलेला होता. त्याला घायपाताच्या सुतळीचं जाळं टांगलेलं असायचं आणि लाकडी सुई घेऊन ती त्याच्यासमोर इकडून तिकडे सरकत असायची. मासेमारीच्या बोटींची जाळी आमच्या हल बंदरात बायकाच विणायच्या. पण त्या बायका संध्याकाळी सुई ठेवून चुलीपाशी बसत, पाय शेकत. मा सडबी सुई ठेवायची आणि डोक्यावर लोखंडी टोपी चढवायची.

लढाईत ती आमच्या गल्लीची हवाई हल्ल्याची वॉर्डन होती. माझ्या छातीत दोष निघाला म्हणून सैन्यानं मला परत पाठवलं होतं. मी बर्फाच्या कारखान्यात कारकुनी करायचो आणि रात्री तिच्या हाताखाली वॉर्डन असायचो. हाताखाली म्हणजे ती पुढे आणि मी मागे टॉर्च धरून. तिच्याबद्दल कुणीतरी नीट लिहायला हवं होतं. ते कुणी लिहिलं नाही म्हणून मी बसलो आहे.

वॉर्डनकडे एक वही असे. कोणत्या घरात कोण कोण आहे आणि रात्री कोण कुठे झोपतं, जिन्याखाली, तळघरात, की रस्त्यातल्या विटांच्या निवाऱ्यात, हे सगळं त्या वहीत लिहायचं. बॉम्बनं घर कोसळलं तर ढिगारा उपसणाऱ्यांना कुठे खणायचं ते लगेच कळायला हवं, एवढ्यासाठी ती वही. बाकीच्या गल्ल्यांचे वॉर्डन महिन्यातून एकदा विचारून घ्यायचे. मा सडबी रोज विचारायची.

त्यावरून तिची थट्टा व्हायची. "आली बघा, डोकी मोजणारी," असं बारा नंबरची बर्था गेल दारातूनच म्हणायची. एकदा म्हणाली, "मा, आमचं मांजर आज कपाटावर झोपणार आहे, लिहून घे. बोका बाहेर आहे, त्याचं काही सांगता येत नाही." मा सडबीनं शांतपणे विचारलं, "आणि तू?" बर्था म्हणाली, "मी बोक्याची वाट बघत जिन्याखाली." मानं वहीत 'जिन्याखाली' एवढंच लिहिलं आणि पुढच्या दारावर थाप मारली.

पण ती रोज का विचारते हे बर्थालाही ठाऊक होतं. मार्चमध्ये नऊ नंबरचं घर पडलं होतं. तिथे पॉस्किट म्हणून म्हातारा राहायचा, पिंपं बनवणारा. वहीत तो जिन्याखाली झोपतो असं होतं, म्हणून माणसांनी जिन्याखाली तीन तास खणलं. म्हातारा सापडला स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला. थंडीमुळे त्यानं त्या आठवड्यात अंथरूण हलवलं होतं. डॉक्टर म्हणाले, जाऊन दोन तास झाले असतील. त्याची बायको बहिणीकडे गेली होती. ती परत आली तेव्हा मा सडबीचा हात धरून म्हणाली, "तुला सांगायचं राहूनच गेलं गं." तिनं दोष दिला नाही. गल्लीत कुणीच दिला नाही. पण तेव्हापासून मा सडबीला संध्याकाळी पाचनंतर घर खायला उठायचं. एक फेरी चहाच्या आधी, एक अंधार पडायच्या आधी, एक भोंगा झाल्यावर. मधल्या वेळात ती दारात उभी राहून गल्लीकडे बघायची, पायावरचा भार बदलत. त्या वसंतात तिच्या बुटांना मी दोनदा तळ बसवून आणले.

तिला एकच मुलगा, लेन. तेवीस वर्षांचा. आधी मासेमारीच्या बोटीवर होता, लढाई लागल्यावर सुरुंग काढणाऱ्या बोटीवर गेला. त्याची बोट नदीपलीकडे ग्रिम्झबीला असायची. रजा संपली की तो धक्क्यावरून फेरीबोटीनं पलीकडे जायचा आणि तिथून गाडीनं पुढे.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणूस समुद्रावर जायला निघाला की त्या दिवशी घरात कपडे धूत नाहीत, धुतले तर तो वाहून जातो. त्याला निरोप देत नाहीत, हात हलवत नाहीत, केव्हा येशील विचारत नाहीत, मागून हाक मारत नाहीत. बायकांनी पाठ फिरवून काहीतरी काम करत राहायचं आणि दार लागल्याचा आवाज ऐकायचा. आणि एकदा उंबरा ओलांडला की त्यानं परत आत यायचं नाही. काही विसरलं तर ते खिडकीतून बाहेर द्यायचं.

लेनचा बाप जॉस तंबाखूची डबी विसरला म्हणून परत आत आला होता. मानंच दार उघडलं होतं, हसत. ती बोट बेअर बेटाजवळून परत आली नाही. लेन तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि टेबलाशी बसून पाव खात होता. त्यानं ते पाहिलं होतं.

मे महिन्यात लेन चार दिवसांच्या रजेवर आला. बुधवारी दुपारी चारला निघाला. मा अंगणात जाळ्यापाशी उभी होती, पाठ दाराकडे. मी रात्रपाळीआधी स्वयंपाकघरात चहा पीत होतो. लेननं पिशवी खांद्यावर टाकली, माझ्याकडे बघून भुवई उडवली आणि गेला. दार लागलं. माची सुई थांबली नाही. थोड्या वेळानं ती आत आली, वही उघडली आणि लेनच्या नावापुढे लिहिलं, 'समुद्रावर'. मला म्हणाली, "चल, फेरीला."

त्या संध्याकाळी बर्था मागच्या बोळात उभी होती. आमच्या अंगणाच्या टोकाला जाळ्यांची खोप होती. विटांच्या भिंती, वर स्लेटच्या फरशा, एक दार अंगणात आणि एक बोळात. विणून झालेली जाळी तिथे गठ्ठे करून ठेवायची. बर्था म्हणाली, "मा, तुझ्या खोपीतून तंबाखूचा वास येतोय. एक भाडेकरू पुरत नाही वाटतं?" माझे कान लाल झाले. मा म्हणाली, "तुझ्या नाकाला तुझा नवरा आठवतोय." बोळातल्या बायका हसल्या. मा पुढच्या घराकडे वळली. ज्या बाईनं मांजराचीही नोंद घेतली असती, तिनं स्वतःच्या खोपीचं दार ढकलून बघितलं नाही. सतरा नंबरची माणसं तिला पाठ होती ना. एक ती, एक मी, एक समुद्रावर.

सव्वाअकराला भोंगा झाला. त्या रात्रीबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी नाही लिहीत. पहाटे पाचनंतर सुटकेचा भोंगा झाला तेव्हा शहराचा मधला भाग जळत होता आणि आकाशात सकाळ झाली की आग आहे ते समजत नव्हतं. आमच्या गल्लीत एक मोठा बॉम्ब मागच्या बोळात पडला होता. तेरा ते एकवीस नंबरच्या घरांच्या पुढच्या भिंती उभ्या होत्या, मागचं सगळं खाली. सतरा नंबरचं पुढचं दार उघडलं की सरळ आकाश. माझी खोली नव्हती. अंगणाच्या जागी विटांचा आणि फरशांचा ढीग होता, पुरुषभर उंच.

त्या रात्री गल्लीतली सगळी माणसं निवाऱ्यात होती. मा सडबी वही घेऊन दाराशी उभी राहिली आणि एकेकाला बाहेर घेतलं. एकसष्ट नावं, एकसष्ट माणसं. तिनं दोनदा मोजलं. उपशाच्या तुकडीचा मुकादम ब्रॉकल्सबी आला, मूळचा गवंडी, धुळीनं पांढरा झालेला. मा त्याला म्हणाली, "विंडल स्ट्रीट पुरी. आत कोणी नाही." ब्रॉकल्सबीनं वहीवर नजर टाकली, मान हलवली आणि माणसं घेऊन पलीकडच्या गल्लीत गेला. तिथे तळघरात तिघं अडकली होती.

मग मा फुटपाथच्या कडेला बसली. टोपी काढून शेजारी ठेवली. मी म्हटलं, "सगळे आहेत, मा." ती म्हणाली, "हो. सगळे आहेत." पण पाच मिनिटंही बसली नाही. उठली, घरापर्यंत गेली, परत आली. वही उघडली, मिटली. मला म्हणाली, "काहीतरी राहिलंय." मी म्हटलं, थकवा आहे. ती म्हणाली, "थकल्यावर माणूस झोपतो रे."

नऊच्या सुमाराला कोपऱ्यावर चहाची गाडी आली. चरबी लावलेला पाव आणि चहा. तिथे फेरीबोटीवरचा एक खलाशी उभा होता, घरच्यांना शोधायला आलेला. तो कुणाला तरी सांगत होता की काल दुपारी नदीत सुरुंग दिसले, म्हणून तीननंतर एकही बोट पलीकडे गेली नाही. माणसं रात्रभर धक्क्यावर ताटकळत बसली होती आणि आज सकाळी आठला पहिली बोट सुटली.

मानं चहाचा मग न पिताच गाडीवर परत ठेवला.

मी म्हटलं, लेन धक्क्यावरच बसला असेल, किंवा खलाशांच्या वसतिगृहात. सकाळच्या बोटीनं गेलाही असेल. मा माझं ऐकत नव्हती. म्हणाली, "घरी तो येणार नाही. बाप बघितलाय त्यानं." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बर्थाला तंबाखूचा वास आला होता."

ती धावत गेली. पन्नाशीला टेकलेली बाई, जड बूट घालून, विटांवरून. मी मागे धावलो पण माझी छाती मला साथ देत नाही. मी पोचलो तेव्हा ती ब्रॉकल्सबीसमोर उभी होती.

"माझ्या खोपीत माणूस आहे," ती म्हणाली.

"तू म्हणालीस कोणी नाही."

"वही चुकली."

ब्रॉकल्सबी एका तुळईवर हात टेकून उभा होता. आवाज न चढवता म्हणाला, "मार्चमध्येही चुकली होती."

"म्हणूनच सांगते."

त्यानं पायाखालच्या ढिगाकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "मा, इथे खाली तिघं आहेत. मी त्यांचा आवाज ऐकलाय. तुझ्या खोपीत तू काय ऐकलंयस?"

"काही नाही."

"कोणी बघितलं त्याला?"

"नाही."

"मग कशावरून?"

मा म्हणाली, "बोट सुटली नाही आणि तो माझा मुलगा आहे. तो कुठे गेला नसेल ते मला ठाऊक आहे. एकच जागा उरते."

मला वाटलं, नाही म्हणेल. म्हणाला असता तर त्याचं चुकलं नसतं. त्यानं कपाळावरची धूळ पुसली, दोन माणसांना बोटानं बोलावलं आणि एक जॅक दिला. "अर्धा तास," तो म्हणाला. "तेवढ्यात काही कळलं नाही तर माणसं मला परत हवीत."

गल्लीतले सगळे आले. रांग लावून विटा आणि फरशा हातोहात मागे द्यायला लागलो. बर्था माझ्या पुढे होती. एकदाही बोलली नाही. बर्था गेल गप्प आहे हेच मला सगळ्यात भीतीचं वाटत होतं. माझे हात सोलले, खोकला थांबेना. वीस मिनिटं झाली असतील. त्या दोघांपैकी एकानं शिट्टी वाजवली. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, श्वासही हळू घ्यायचा, आणि एकानं हाक मारायची.

मी हाक मारली. माझा आवाज मुळात लहान, त्यात धूळ. खालून काही आलं नाही. त्या माणसानं मारली. काही नाही. त्यानं माच्या तोंडाकडे बघितलं.

मा ढिगावर उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. तिथे उभ्या प्रत्येकाला कळत होतं तिला काय अडतंय. निघालेल्या माणसाला मागून हाक. जॉससाठी दार उघडलं होतं आणि त्याला बारा वर्षं झाली होती. तिनं सुई धरतात तशी दोन बोटं आवळली होती. कुणी तिला 'मार' म्हणालं नाही. म्हणायची छाती कुणाची होती?

ती गुडघ्यांवर बसली, तोंड विटांच्या फटीपाशी नेलं आणि हाक मारली, "लेन." मोठ्यानं नाही. जेवायला बोलावतात तशी.

मग आम्ही ऐकत राहिलो. दूर कुठेतरी आग विझवणाऱ्यांचा पंप चालू होता. आणि खालून आवाज आला, टणटण, टिनाच्या मगचा. तीनदा.

त्याला बाहेर काढायला दुपारचे दोन वाजले. मधे ब्रॉकल्सबी स्वतः आला. त्याची तिघं निघाली होती, त्यातली दोघं जिवंत. खोपीतल्या जाळ्यांच्या गठ्ठ्यांनी छप्पर अडवून धरलं होतं. लेन दोन गठ्ठ्यांच्या मधे होता, खांद्याचं हाड आणि तीन बरगड्या मोडलेल्या. भोंगा झाला तेव्हा निवाऱ्यात का आला नाहीस, असं मी पुढे एकदा विचारलं. तो म्हणाला, "निवारा आपल्याच गल्लीत. निघालेला मी परत आलेलो आईनं बघितलं असतं." सकाळी आमच्या हाका त्यानं ऐकल्या होत्या. पण छातीत जोर नव्हता आणि मगपर्यंत हात पोचत नव्हता. शेवटच्या हाकेला पोचला, एवढंच तो सांगायचा.

स्ट्रेचरवर ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की माणसं त्याला घरातून नेताहेत, कारण बोळ बुजला होता आणि पुढच्या दाराशिवाय वाट नव्हती. तो उठायला बघू लागला. "घरातून नको. आई, घरातून नको."

मा म्हणाली, "घर उरलंय कुठे? मागची भिंतच नाही. एक उंबरा राहिलाय, आणि तू तर बाहेरच चाललायस."

बर्था तेव्हा पहिल्यांदा हसली, आणि मग रडायला लागली.

लेनची बोट त्याच्याशिवाय गेली आणि नऊ दिवसांनी सुखरूप परत आली. त्यामुळे रीत खरी की खोटी, हे आमच्याकडे कुणालाच ठरवता आलं नाही. लंडनच्या वर्तमानपत्रात आमच्याबद्दल चार ओळी आल्या, 'ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर' म्हणून. नाव नव्हतंच.

मा आणि मी चार नंबरात राहायला गेलो. तिथे पहिल्याच संध्याकाळी तिनं वहीच्या पानांवर एक नवा रकाना आखला, पट्टी नव्हती म्हणून पावाच्या सुरीच्या कडेनं. वर लिहिलं, 'नाही गेला तर'. आणि दुसऱ्या दिवसापासून ज्या घरातून माणूस समुद्रावर निघणार असेल तिथे जाऊन ती विचारायला लागली की बोट सुटली नाही तर तो झोपेल कुठे.

पूर्वी थट्टा व्हायची, आता दारं आपटली जाऊ लागली. निघायच्या दिवशी असं विचारणं म्हणजे अपशकुनच. पॉस्किटच्या बायकोची भाची तिच्या अंगावर धावून आली. बर्थानं तर महिनाभर अबोला धरला, कारण मानं तिच्या नवऱ्यालाच विचारलं होतं, भर गल्लीत, पिशवी त्याच्या खांद्यावर असताना. दुसऱ्या महिन्यात बर्था आपणहून चार नंबरात आली. दारातूनच म्हणाली, "बहिणीच्या गोठ्यात. माळ्यावर. लिही आणि पुन्हा मला विचारू नकोस." मानं लिहिलं आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारलं.

मला तेव्हा वाटलं होतं की लेन वाचला, आता तिचं चित्त ठिकाणावर येईल. आलं नाही. फेऱ्या तीनच्या चार झाल्या. एकदा मी भीत भीत म्हटलं, "मा, आता तरी बसा." ती म्हणाली, "एकदा बसले होते ना. टोपीसुद्धा काढली होती. आणि तो तिथे तीस पावलांवर होता."

नोव्हेंबरात लेन परत बोटीवर निघाला. सकाळची वेळ, बाहेर धुकं. आम्ही सगळे स्वयंपाकघरात. मानं आदल्या दिवशीच धुणं उरकलं होतं. ती सिंकपाशी गेली, पाठ दाराकडे केली आणि तीच एक बशी पुन्हा पुन्हा पुसत राहिली. लेननं पिशवी उचलली. खांदा अजून दुखत होता, म्हणून दुसऱ्या खांद्यावर टाकली. दारापर्यंत गेला, कडीवर हात ठेवला.

गल्लीतल्या प्रत्येक घरात विचारलेलं तिनं. स्वतःच्या घरात विचारेल की नाही, हे मला सांगता आलं नसतं. लेनही थांबला होता.

मा वळली नाही. बशीकडे बघत म्हणाली, "बोट सुटली नाही तर?"

"धक्क्यावरच्या वसतिगृहात," लेन म्हणाला. "जागा नसली तर बर्थाच्या कोळशाच्या खोलीत. तिला सांगून ठेवलंय."

"कोळशाच्या खोलीला छप्पर बरं आहे?"

"बघून आलोय, आई."

दार लागलं. मानं बशी ठेवली, हात पुसले आणि वही घेतली. लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं, तेव्हा तिनं माझ्यापुढे हात केला. मी माझी पेन्सिल दिली.